वारेचं चित्र आणि शेफालीची सासू

कोलकात्यात सियालदह स्टेशनजवळच्या आमच्या ओपीडीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, केसपेपरांसारखे आपोआप साठतात. घरी जाऊन ते सांगायचं त्राण मात्र उरत नाही. आज थोडं उरलंय, तर ऐका.

*

परदेशात शिकून आले तेव्हा मी नियम केला. प्रत्येक गरोदर बाईला पाच मिनिटं शांत बसवायचं, मगच बीपी घ्यायचा. मुख्य नर्स मालतीदी म्हणाल्या, "मॅडम, या बायका ट्रेनमध्ये उभ्या राहून येतात. बसवलं की झोपतात. झोपेतला बीपी चालेल?"

*

बराकपूरची शेफाली. सातवा महिना, बीपी दीडशेच्या वर, सोबत सासू. मोडक्या बंगालीत, चित्र काढून मी समजावलं: बाळाला अन्न जातं ते नाळेला जोडलेल्या वारेतून, आणि बीपीमुळे वारेलाच रक्त कमी पडतं. मग बाळ वाढत नाही.

सासूने चित्र नीट पाहिलं. "मग काल हिने माशाचे तीन तुकडे खाल्ले, ते कुठे गेले?"

*

गोळ्यांनी बीपी उतरला. आनंदाच्या भरात मी कार्डावर लाल पेनाने मोठ्ठं 'नॉर्मल' लिहिलं. पंधरा दिवसांनी बीपी आधीपेक्षा जास्त! गोळ्या बंद का केल्या, विचारलं तर सासूने कार्डच पुढे केलं.

"तुम्हीच लिहिलंय. बऱ्या माणसाला कोण गोळ्या देतं?"

लाल पेन तेव्हापासून मालतीदींच्या ड्रॉवरमध्ये असतं.

*

त्याच दुपारी मी सगळ्यांवर ओरडत सुटले होते. मालतीदींनी माझ्याच दंडाला बीपीचा पट्टा बांधला. आकडा वाचला, पण सांगितला नाही.

"पाच मिनिटं, मॅडम. बोलायचं नाही."

मी बसले. आणि झोपले.

*

आठव्या महिन्यात सोनोग्राफीत दिसलं, शेफालीच्या बाळाची वाढ थांबलीय. आजच सिझेरियन करू, म्हटलं.

"आठव्यातलं मूल जगत नाही," सासू म्हणाली.

"आत ठेवलं तर मुळीच जगणार नाही."

शेफाली पहिल्यांदाच बोलली. "सही कुठे करू?"

मुलगी झाली, दीड किलोची. रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि मी ट्रे घेऊन सासूकडे गेले. मला अजून पटवून द्यायचंच होतं. ट्रेमध्ये वार, तळहाताएवढी, जागोजागी पांढरी पडून कडक झालेली.

"बघा, एवढा भाग निकामी. उरलेल्यावर तुमची नात वाढली."

म्हातारीने वाकून ट्रे नीट पाहिला. मग तिने मालतीदींकडे स्वच्छ फडकं मागितलं.

"झाकून ठेवा हिला," ती ट्रेकडे बघत म्हणाली. "दमली असेल."