खिंडीतलं गाऱ्हाणं

आमच्या हिच्या मामांइतका परवानगी मागणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि शेजारच्या जिल्ह्यांतही असेल असं मला वाटत नाही. ही परवानगी माणसांची नव्हे. माणसांना मामांनी आयुष्यात फारसं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मामींचे निम्मे कष्ट वाचले असते. मामा विचारतात ते जागेला. प्रत्येक जागेला धनी असतो, राखणदार असतो, आणि आपण कोण, कुठले, कशासाठी आलो हे त्याला मोठ्याने सांगितल्याशिवाय त्याच्या हद्दीत पाऊल टाकणं म्हणजे परक्याच्या माजघरात चपला घालून शिरणं, असं त्यांचं ठाम मत. कोकणात गाऱ्हाणं घालणं नवीन नाही. गावच्या देवळात, नव्या घराच्या पायाला, शेताच्या बांधावर नारळ ठेवून चार शब्द बोलणारे घरोघर सापडतील. मामांच्या घराण्याकडे तर गावच्या गाऱ्हाण्याचा मानच आहे. हा मान त्यांनी गावापुरता ठेवला नाही, एवढीच माझी तक्रार.

तक्रारीला कारण आहे. गाऱ्हाण्याला एकटा माणूस पुरत नाही. सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. तसं कोणी म्हटलं नाही तर ते सांगणं अधांतरी राहतं. लग्नानंतर पहिल्यांदा मामांच्या पाया पडलो तेव्हापासून ही नोकरी माझ्या गळ्यात पडली. भाट्याच्या पुलाच्या तोंडाशी स्कूटर उभी करून मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं आहे आणि मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आहेत. आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला भटजी वर खोळंबले होते आणि मामा खाली लिफ्टपाशी ‘ह्या बिल्डिंगीच्या जागेवाल्या’ला सगळ्या बिऱ्हाडकरूंची ओळख करून देत होते. गुहागरच्या एका लग्नात त्यांनी वरात वेशीवर अडवली, ती मुहूर्त टळायची वेळ आली तरी सोडीनात. शेवटी नवरदेवाने घोड्यावरून ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं तेव्हा बँडवाले हलले. आणि हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी स्ट्रेचर दारात थांबवून थिएटरच्या राखणदाराला हात जोडले. मला आत सोडत नव्हते, म्हणून तोंडाला मास्क लावलेल्या सर्जननेच प्रतिसाद दिला. ‘पेशंटचं बीपी त्यानंतर फार छान राहिलं,’ असं डॉक्टर पुढे सांगत असत.

गाऱ्हाण्यात मामा कुणाला विसरत नाहीत. ‘ज्याचं नाव घेतलं नाय त्याला धन्यानं वळखायचं कसं आन सांबाळायचं कसं?’ असं ते विचारतात. दरवर्षी आंब्याचा मोहोर राखायला बागेत गाऱ्हाणं होतं. त्यात मामी असतात, मुंबईचे पुतणे असतात, आम्ही असतो, बागेतला गडी असतो, म्हैससुद्धा असते. फक्त गेली काही वर्षं एक नाव त्यातून गळालं होतं. मुक्ताचं. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं.

मुक्ता शिकायला अमेरिकेला गेली आणि तिथेच टॉम नावाच्या मुलाशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. घरी फोन आला तो लग्न लागल्यावर. मामा फोनवर ओरडले नाहीत. फोन खाली ठेवून एवढंच म्हणाले, ‘मी भाट्याच्या पुलाला इचारतो. मला कोन इचारनार?’ आणि बागेच्या गडग्यावर जाऊन तिन्हीसांजेपर्यंत बसले. नंतर मुक्ताचे फोन मामींना येत राहिले. मामी स्वयंपाकघरात दार लोटून बोलत, आणि मामा पडवीत बसून ऐकू येत नसल्याचं सोंग करत. मला दोघांचीही बाजू समजत होती, आणि खरं सांगायचं तर मामांची थोडी जास्तच.

हा गडगा मामांचा दुसरा अभिमान. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड नुसता बसवून बागेभोवती रचलेली भिंत. तो त्यांनी स्वतः घातला आहे आणि बाहेरून येणाऱ्या माणसाला ते कलमांच्या आधी गडगा दाखवतात. मुक्ता त्यांचीच लेक. तिने एक दिवस मामींच्या फोनवर एक फोटो पाठवला: दक्षिण अमेरिकेत पेरू देशात उंच डोंगरावर इंका लोकांचं जुनं उजाड शहर आहे, तिथल्या भिंतीचा. अवाढव्य दगड, आणि दोन दगडांच्या मध्ये सुरीचं पातंही जाणार नाही. खाली तिने लिहिलं होतं की आम्ही दोघं तिकडे डोंगरातून चार दिवस चालत जाणार आहोत, बाबा येतील का? मामांनी फोन उन्हात नेऊन फोटो पाहिला. ‘चुना नाय?’ त्यांनी मला विचारलं. नाही म्हटलं. ‘मातीपन नाय?’ नाही. फोन माझ्या हातात परत देत ते म्हणाले, ‘भिंत बगायला पायजे.’

पासष्टी ओलांडलेला माणूस पृथ्वीच्या पार पलीकडे भिंत बघायला निघाला, असं आम्ही सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून मी सोबत. मामी गुडघ्यांमुळे येणार नव्हत्या. निघताना मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, ‘जावयबापू, भिंत पडली तरी चालंल. पन ही दोगं बोलायला लागल्याबिगार ह्यांना परत आनू नका.’ त्या हसत होत्या, पण माझा हात त्यांनी घट्ट धरला होता.

मामांच्या सामानात बागेतला एक शेंडीचा नारळ होता. परक्या मुलखात रिकाम्या हाताने जायचं कसं? असले जिन्नस देशात आणता येत नाहीत हे त्यांना सांगण्याची माझी छाती झाली नाही, आणि व्हायचं तेच झालं. पेरूच्या राजधानीत, लिमाच्या विमानतळावर हातमोजे घातलेल्या एका बाईंनी तो बॅगेतून बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. मामांनी वाद घातला नाही. नारळाला हात लावून नमस्कार केला आणि मला म्हणाले, ‘त्यांना सांगा, देवाचा हाय. फोडलात तर सगळ्यांना वाटा, एकट्यानं खाव नका.’ मी भाषांतर केलं. बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. पण तिथून पुढे मामा उदास झाले, कारण आता त्यांच्याकडे मागायला तोंड होतं आणि द्यायला काही नव्हतं.

डोंगरापलीकडच्या कुस्को नावाच्या गावात मुक्ता आणि टॉम भेटले. मुक्ता वाकली, तेव्हा मामांनी पाय मागे घेतले नाहीत. आशीर्वादही दिला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तिला सांगा, पोचलो.’ ती हातभर अंतरावर उभी होती. पुढे सगळं बोलणं असंच माझ्यामार्फत चाललं. ‘तिला इचारा, पानी उकळलेलं हाय काय.’ ‘बाबांना सांगा, हो.’ टॉम म्हणजे तांबूस दाढीचा, दारात वाकून शिरावं लागेल असा उंच मुलगा. त्याने ‘बाबा, नमस्कार’ एवढं मराठी पाठ केलं होतं. ते तो रोज सकाळी म्हणे, आणि मामा आकाशाकडे बघत पावसाचा अंदाज घेत. पोरगा चिवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायचा.

चालायला लागलो तेव्हा कळलं की आमच्यात मामाच तरुण आहेत. कातळावर आणि चढाच्या बागेत जन्म गेलेला. कॅनव्हासचे बूट आणि हातात काठी एवढ्यावर ते सामान वाहणाऱ्या हमालांच्या बरोबरीने चालत. मी मात्र दर वळणावर थांबून देखावा पाहत असे. इतका देखावा मी आयुष्यात पाहिलेला नाही. पहिला दिवस नदीकाठाने बरा गेला. रात्री थंडीने दात वाजत होते, आणि सकाळी मुक्ता तंबूबाहेर ओणवी होऊन ओकत होती. हवा विरळ, डोकं ठणकत होतं. आमचा वाटाड्या तिथलाच, ठेंगणा आणि शांत माणूस. त्याने तिला कसल्याशा पानांचा गरम काढा पाजला आणि सांगितलं की आज सगळ्यात उंच खिंड आहे. हळूहळू चढू, हिला जमलं नाही तर मी खाली उतरवीन. मामांनी मला विचारलं, ‘तिचं डोकं कसं हाय, इचारा.’ मी म्हटलं, तुम्हीच विचारा की. त्यांनी काठीने दगड टोकरला आणि पुढे झाले.

दुपारी खिंड समोर दिसायला लागली. वाटाड्याने तिचं नाव सांगितलं, आणि गंमत म्हणून मी ते जसंच्या तसं मराठीत केलं: मेलेल्या बाईची खिंड. लांबून डोंगराचा आकार उताण्या निजलेल्या बाईसारखा दिसतो, म्हणून. मामा जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी वर खिंडीकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. मुक्ता खूप खाली होती, टॉमच्या खांद्याला धरून चार पावलं टाकायची आणि थांबायची. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

ती येईपर्यंत मामा हलले नाहीत. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी हमालांनी ओझी उतरवली होती. वाटाड्याने पिशवीतून तीन पानं काढली, एकावर एक धरली, डोंगराकडे तोंड करून त्यांच्यावर हलकी फुंकर घातली आणि ती दगडाखाली ठेवली. मामांचे डोळे लकाकले. ‘बगितलंत? ह्यांचापन राखनदार हाय,’ ते मला म्हणाले आणि वाटाड्यापुढे हात पसरला. त्याने काहीही न विचारता तीन पानं त्यांच्या तळव्यावर ठेवली. मामांनी डोक्याची टोपी नीट केली.

‘बा म्हाराजा, ह्या डोंगराच्या धन्या! तुजी आमची वळख नाय, तुजं नाव आमाला ठाव नाय. रत्नांग्रीसनं लांबून तुज्या शिवंवर आलाव. हातात नारळ नाय, पाला हाय, तो गोड मानून घे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा,’ मी म्हटलं. म्हणजे खोकलो.

‘माज्या संगती माजा भाचेजावई हाय, त्याचा दम सांबाळ म्हाराजा!’

माझ्या तोंडून आवाजच निघेना. मी दगडावर बसून नुसता हात वर केला. मामा पुढे बोलेनात. मला वाटलं, माझ्यासाठी थांबले आहेत. पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. गाऱ्हाण्यात पुढचं नाव घ्यायचं होतं. घेतलं नाही तर अशा नावाच्या खिंडीतून ती अनोळखी म्हणून जाणार होती, आणि ज्याचं नाव घेतलं नाही त्याला धनी सांभाळत नाही, हे मामांइतकं कोणाला ठाऊक होतं? वारा कानात भणभणत होता.

‘आन माजी लेक हाय,’ ते म्हणाले. ‘मुक्ता. एकुलती एक. तिचा घरवाला संगती हाय. टॉम. माजा जावय. दोगांना पदरात घे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा,’ मुक्ता म्हणाली. लहानपणी बागेत म्हणायची तसं, खणखणीत म्हणायला गेली आणि रडायला लागली.

मामांनी मान वळवली नाही. ‘तिच्या पायाखालची वाट सांबाळ. तिचं काय चुकलं आसंल, माजं काय चुकलं आसंल, पोटात घाल. काय वंगाळ व्हायचं आसंल ता माज्यावर येव दे, तिला पार कर म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा,’ मुक्ता म्हणाली, आणि या खेपेला तिच्याबरोबर टॉमचा जाड आवाज आला, आणि त्यामागून दोघा-तिघा हमालांचा. मामांनी पानं दगडाखाली ठेवली. मग ते लेकीकडे गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मध्ये न घेता बोलले. ‘चल. घाई करू नको. तोंड मीट, नाकानं दम घे. माज्या पावलावर पाऊल टाक.’

आम्ही खिंड कशी ओलांडली ते मला नीट आठवत नाही. पलीकडे थोडं उतरल्यावर मुक्ताच्या चेहऱ्यावर रंग आला. शेवटच्या दिवशी पहाटे धुकं फाटलं आणि ते शहर खाली दिसलं: पायऱ्या पायऱ्यांची शेतं, बिनछपराची घरं, आणि त्या भिंती. जिच्यासाठी एवढा प्रवास केला त्या भिंतीला मामांनी हात लावला, दोन दगडांच्या सांध्यावरून नख फिरवलं, ‘बरी हाय,’ म्हणाले, आणि मुक्ताच्या बुटाचा बंद सुटला होता तो दाखवायला वळले. नंतर त्यांना भिंतीविषयी कोणी विचारलं की ते माझ्याकडे बोट दाखवतात.

परतताना लिमाला त्या दोघांचं विमान आमच्या आधी होतं. टॉमने ‘बाबा, नमस्कार’ म्हटलं. मामांनी ‘नमस्कार’ म्हटलं आणि त्याच्या दंडावर थोपटलं. मुक्ता त्यांच्यासमोर उभी राहिली. ‘बाबा, आम्ही निघू?’

साधाच प्रश्न, कोकणातल्या कुठल्याही उंबऱ्यावर रोज विचारला जाणारा. मामांचे डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत. ‘थांब जरा,’ ते म्हणाले. ती बॅग खाली ठेवून त्यांच्याशेजारी बसली. टॉम घड्याळाकडे बघायचा आणि नजर वळवायचा. त्याने एकदाही घाई केली नाही, आणि तेवढ्यासाठी मला तो मुलगा कायमचा आवडला. फलकावर त्यांच्या विमानापुढे शेवटची सूचना लागली तेव्हा मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

‘जा,’ ते म्हणाले. ‘आन पोचलीस की फोन कर. आयेला नको. मला कर.’