कीचेनची किल्ली पापनाशमला

अनिरुद्धमामांना एका जागी बसवेल असं काही देवानं अजून घडवलेलं नाही. तीस वर्षं सरकारी नोकरी केली तीही, मला वाटतं, उभ्यानंच. शेषम्मामामी बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पापनाशमला गेली, तेव्हा तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या घरात मामांच्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

कारण मामीचा मॅक कॉम्प्युटर. तो उघडेना. मामीला पासवर्ड विचारायचा, तर बायकोवाचून अडतं हे कबूल करावं लागणार. म्हणून मला, भाच्याला, बोलावून नवाच पासवर्ड घालून घेतला. मीही अतिशहाणा, घातला. मॅक उघडला, पण मिनिटामिनिटाला खिडकी यायला लागली: कीचेनचा पासवर्ड द्या. साठवलेले सगळे पासवर्ड ज्या कुलपात असतात, त्याला अजून जुनीच किल्ली हवी होती. रद्द केलं की मेलसाठी पुन्हा, मग कॅलेंडरसाठी पुन्हा.

लेकीकडे, अखिलाकडे, जायच्या व्हिसाची तारीख त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पक्की करायची होती, आणि त्या साइटचा पासवर्ड त्याच कुलपात. नवं कीचेन केलं तर कटकट थांबेल, पण आतलं सगळं जाईल, असं मी सांगितलं. चार वाजून गेले होते. मामा माझ्यावर चिडले, मॅकवर चिडले, आणि शेवटी नाक मुठीत धरून मामीला फोन लावला. स्पीकरवर.

मामी आधी सेरी, म्हणजे बरं, म्हणाली. मग म्हणाली, शनिवारी येऊन मीच घालते. तिच्याभोवती बहिणीकडची माणसं बसलेली ऐकू येत होती. मामांचा पारा चढला. नवऱ्यापासून लपवण्यासारखं काय आहे त्यात, असं त्यांनी विचारलं. मला त्यांची लाज वाटली.

फोनमध्ये दार लोटल्याचा आवाज आला.

"पंचेचाळीस वर्षं झाली, जे नाव मी तोंडांत घेतलं नाही, तेच आहे ते," मामी हळू आवाजात म्हणाली. "मागं राव पण घाला. नुसतं नाव कसं घालीन मी?"

मामांनी एका बोटानं आपलंच नाव टाइप केलं, रावासकट. खिडकी गेली ती पुन्हा आली नाही. फॉर्म मीच भरला, पाचला सात मिनिटं कमी असताना. मामा फोन हातात धरून खुर्चीत बसून होते. पलीकडून तो केव्हाच बंद झाला होता.