पारा

अक्षर वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकलं असेल. चौथीनंतर लिहायची वेळ कमीच आली. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. शकीलाआपा गेल्यापासून जीव एका जागी ठरत नाही... घासलेली भांडी परत घासते, लावलेली कडी परत काढून बघते.

अनसिंग गावात आमच्या भिंतीला लागूनच तिचं शिवणाचं दुकान. मी तिथं काज-बटणं करायची. मी मुळची अबोल, तिचा आवाज बाजारापर्यंत. चिडली की कात्री टेबलावर आपटायची. "अवो, पोट तुमचं सुटलं अन् दोष माह्या शिलाईचा?" गिऱ्हाईक हसतच जायचं. गल्ली म्हणायची, आपाचा पारा चढला.

मागच्या साली दवाखान्यात तिच्या दंडाला पट्टा बांधून कंपाउंडर म्हणाला, "आपा, पारा लय वर आहे, खाली आणा." गोळ्या दिल्या. त्या तिनं थोडे दिवस घेतल्या आणि मग राग सोडला. खरंच सोडला. कात्री अलगद ठेवू लागली. सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र त्या शांत दुकानात बसवेना. एकदा धीर करून विचारलं, "आपा, गोळी?"

"कायले? आता मी कोणावर चिडून राह्यली का? पारा चढंल कुठून!"

मलाही ते पटलं. शेवटच्या दिवशी एका बाईनं पोलकं तिच्या अंगावर फेकलं, तरी ती हसली. ओठ तेवढे थरथरत होते... सकाळी तिच्या सुनेनं भिंतीवर थापा मारल्या. आपाच्या डोक्यातली नस फुटली होती.

तिच्या जाण्याचा चाळिसावा दिवस झाला आणि मलाच चक्कर आली. दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई होत्या. मशीनवर नुसते आकडे. म्हणाल्या, "मावशी, बीपी फार वाढलंय."

"मी तं कोणाले कधी मोठ्यानं बोलली नाही. माहा पारा कसा चढला?"

त्या हसल्या, मग माझ्याकडे बघून थांबल्या. "जुन्या मशीनला काचेची नळी असायची, त्यात खरोखरचा पारा. रक्ताचा जोर किती, ते तो किती उंच चढला त्यावरून मोजायचे. आता नळी गेली, शब्द राहिला. त्याचा रागाशी काही संबंध नाही, मावशी. गोळी मात्र रोज घ्यायची."

संबंध नाही... म्हणजे आपानं राग उगाच गिळला, आणि गिळायची ती गोळी तशीच राहिली. घरी येईपर्यंत हेच डोक्यात फिरत होतं.

आपाची ती कात्री तिच्या सुनेनं मला दिली आहे. आज सकाळी गोळी घेतली. मग दार लावून, कोणी ऐकत नाही असं बघून, कात्री टेबलावर आपटली. भिंतीपलीकडून सून ओरडली, "आपा?"