मालनबाईंची लेक जिथं निजली होती

मालनबाई पारधे छावणीजवळच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायच्या. माहेर फुलंब्रीकडचं. लग्न होऊन शहरात आल्या, नवरा याकोब लवकर गेला, आणि एकुलती एक लेक प्रेरणा सहावीत असताना डेंग्यूच्या तापात गेली. तिला ख्रिस्ती मंडळीच्या जुन्या कबरस्तानात पुरलं. शहर संपून बिडकीनच्या वाटेवर ज्वारीची रानं लागायची, तिथं ते होतं. दर ईस्टरच्या आधी मालनबाई चुन्याची पिशवी नि कुंचा घेऊन जायच्या, कबरीला चुन्याचा हात द्यायच्या, गवत उपटायच्या आणि पोरीशी घरच्या गोष्टी बोलत बसायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघितलं तरी त्यांना लाज वाटायची नाही.

मग त्या बाजूला कारखाने आले, रस्ता रुंद झाला, आणि मेलेल्या माणसांच्या जमिनीलाही भाव आला.

एका वर्षी मालनबाई गेल्या तर कबरस्तानाच्या जागी पत्र्याचं कुंपण. फटीतून पाहिलं, तर आत नवा मुरूम पसरलेला, जेसीबी उभा, आणि सगळी जमीन तळहातासारखी सपाट. पहारेकरी म्हणाला, इथं काही नव्हतंच बाई, मोकळं रान होतं. त्या हातात पिशवी धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी बोर्डिंगात नेहमीसारखी डाळ शिजवली.

मंडळीच्या ट्रस्टचे सेक्रेटरी होते सुदर्शन भालेराव. सभेत त्यांनी सांगितलं, जमीन सर्वांच्या संमतीनं विकली. अस्थी सन्मानानं शहराच्या दुसऱ्या अंगाला, नव्या कबरस्तानात नेल्या आहेत. तिथं सगळ्यांच्या नावांची एक मोठी संगमरवरी पाटी बसवली आहे. अस्थी नेताना हजर कोण होतं, असं कुणीतरी मागून विचारलं. सुदर्शननी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

काही जणांनी मिळून धर्मादाय आयुक्तांकडं तक्रार केली. मालनबाईंनी कचेरीत जबाब दिला. हळूहळू बाकीचे गळाले. कुणाचा मुलगा ट्रस्टच्या शाळेत लागला, कुणाला मंडळीच्या पंच कमिटीत जागा मिळाली. मालनबाईंचा जबाब तेवढा राहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बोर्डिंगमध्ये गेल्या, तर त्यांना कळवलं गेलं की आता स्वयंपाक ठेकेदाराकडं दिलाय. बोर्डिंग त्याच ट्रस्टचं होतं. मग त्या चार घरच्या पोळ्या करू लागल्या.

सुदर्शनचं मात्र सगळं फळफळलं. नवं घर झालं, मुलगा परदेशी गेला, लेकीला चांगलं स्थळ मिळालं. साधं डोकं दुखल्याचंही कधी ऐकू आलं नाही. रविवारी ते पहिल्या बाकावर बसायचे, आणि त्यांची प्रार्थना इतकी रसाळ असायची की बायका डोळे पुसायच्या.

मालनबाईंना राग यायला हवा होता. तोही आला नाही. आत सगळं बधिर झालं होतं, दात काढायच्या आधी हिरडीत सुई टोचल्यावर होतं तसं. गाण्याच्या वेळी ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. प्रभुभोजनाला त्या सुदर्शनच्याच रांगेत गुडघे टेकायच्या. भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवायच्या तर त्याला चव नसायची. देव नाही असं त्यांना वाटलं नाही. तो दुसरीकडं कुठंतरी कामात असावा, एवढंच वाटायचं.

मंडळीत नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले होते, आकाश गायकवाड, तिशीतले. ते एकदा घरी आले. चहा पुढं ठेवून मालनबाईंनी सरळ विचारलं.

"पाळकसाहेब, देवाला हे दिसतं का नाय?"

"दिसतं, मावशी."

"मग?"

देव सहनशील आहे, पश्चात्तापाला वेळ देतो, असं त्यांनी सांगितलं. शिकले होते तसं सांगितलं.

"त्याला वेळ दिला," मालनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या पोरीची जागा घेऊन त्याला वेळ दिला, व्हय?"

पाळक कप खाली ठेवून म्हणाले, "खरं सांगू का, मलाही त्यांची भीती वाटते. माझी बदली त्यांच्या हातात आहे. त्यांच्या नव्या घरात प्रार्थना करायला मीच गेलो होतो, आणि तुम्ही आत्ता विचारलं तेच तेव्हा माझ्या मनात होतं."

मालनबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"आपल्याला ही गोष्ट मधूनच दिसतेय," ते म्हणाले. "शेवट देवाच्या हातात आहे. आणि प्रेरणा कुठं आहे हे त्याला माहीत आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी तिला हाक मारायला त्याला पाटी वाचावी लागणार नाही."

मालनबाईंनी मान हलवली. शब्द कानापर्यंत आले आणि तिथंच थांबले.

ईस्टरची पहाटेची उपासना नव्या कबरस्तानात झाली. तांबडं फुटत होतं. उपासना आटोपली तसे लोक मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींकडं पांगले. ज्यांची माणसं जुन्या जागेत होती, ते पाटीपाशी जमले. मालनबाईंनी प्रेरणाच्या नावावर बोट फिरवलं. गार दगड, दुसरं काही नाही.

चार ओळी खाली नाव होतं, कडुबा भालेराव. सुदर्शनचे वडील. जुन्या जागेत प्रेरणापासून थोड्याच अंतरावर त्यांची कबर होती. तिथं कधी फूल दिसायचं नाही, म्हणून उरलेला चुना मालनबाई त्या कबरीलाही लावून यायच्या. मान वर केली, तर शेजारी पांढऱ्या सदऱ्यात सुदर्शनच उभे होते. पलीकडं लोक आपापल्या कबरींवर वाकले होते. सुदर्शनना वाकायला जागा नव्हती.

"साहेब, तुमचे वडील कुठं हायेत?"

"इथंच की." त्यांनी पाटीकडं बोट केलं.

"खरंच आणलं का हो त्यांना?"

सुदर्शन हळू आवाजात म्हणाले, "ठेकेदाराला सांगितलं होतं."

"तुम्ही बघितलं नाय?"

"मी त्या दिवशी गावाला होतो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते बाजूला जाऊन बोलू लागले, आणि थोड्या वेळानं त्यांचं हसणं ऐकू आलं.

मालनबाई तिथंच खाली बसल्या. या माणसानं आपलं सगळं घेतलं आणि देवानं त्याला सगळं दिलं, असंच त्या इतके दिवस धरून होत्या. पण त्यानं तर स्वतःचा बापही त्याच सौद्यात देऊन टाकला होता, आणि मागं वळून पाहिलं नव्हतं. देव त्याला विसरला नव्हता. देवानं त्याला जे हवं होतं ते घेऊ दिलं होतं, आणि तो घेतच चालला होता, खाली काय आहे ते न बघता. त्याच्या जागी जाशील का, असं त्यांनी स्वतःला विचारलं. नाही, हे उत्तर लगेच आलं. बऱ्याच दिवसांत एवढी एकच गोष्ट त्यांना पक्की ठाऊक झाली होती. त्यात आनंद नव्हता. त्याची दया आली असंही नाही.

पुढच्या निवडणुकीत सुदर्शन पुन्हा सेक्रेटरी झाले. पाळकांची बदली झाली. जुन्या जागेवर मोठं गोदाम उभं राहिलं, आत गाड्या ये-जा करतात. तक्रारीच्या तारखा पडत राहिल्या आणि मालनबाई प्रत्येक तारखेला जात राहिल्या. साहेब बदलला की तोच जबाब पुन्हा द्यायच्या, शब्द न बदलता.

आता त्या सकाळी कणीक मळताना प्रभूची प्रार्थना म्हणतात. पुटपुटल्यासारखी, पण आवाज निघतो. मध्ये, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, ही ओळ येते तिथं हात थांबतो. एखाद्या दिवशी ती ओळ म्हटली जाते. एखाद्या दिवशी त्या ती सोडून पुढं जातात.