चून बंद

चंद्रभानच्या तोंडात काही निघालं नाही, हे मला कळलं तेव्हा मी दुकानात एका बाईला तूरडाळ तोलून देत होतो. बंडूजी रस्त्यावरूनच हात हलवत आला आणि म्हणाला, "रिपोर्ट साफ आहे, अण्णाजी. साफ." मी पारड्यात डाळ ओततच राहिलो. बाईनं विचारलं, काय झालं हो. मी म्हटलं, काही झालं नाही, त्याचाच आनंद आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. डाळ तिला जास्तच गेली असणार, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

सिंदी मेघेत माझं किराणा दुकान आहे. समोर कडुलिंबाखाली चंद्रभान रोज सकाळी भाजी घेऊन बसतो. वस्तीच्या मागे त्याची वाडी आहे. वांगी, पालक, मेथी आणि सांबार, सगळं स्वतःच्या हातचं. सांबार म्हणजे कोथिंबीर. नव्या कॉलनीत आता पुण्यामुंबईकडचे लोक राहायला आलेत. ते विचारतात, कोथिंबीर आहे का. चंद्रभान ताज्या जुड्यांवर पाणी शिंपडत म्हणतो, "नाई. सांबार आहे." गिऱ्हाईक निघून जायला लागतं आणि मला दुकानातून ओरडून त्याला परत बोलवावं लागतं. मी त्याला कितीदा सांगितलं, अरे, हो म्हणत जा. तर म्हणतो, ज्याचं जे नाव आहे ते आहे, मी काऊन बदलवू. असा हा माणूस.

बोलायचं कमी, तेही तोडून. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, आणि ही गोष्ट आमच्या भागात किती दुर्मीळ आहे ते पानठेल्यासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. लग्नात हातावर ठेवलेला विडा तो तसाच परत देतो. बंडूजी एसटीत ड्रायव्हर होता. स्टिअरिंग सुटलं, पण पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला नाही. त्याला चंद्रभान वर्षानुवर्षं बोलत आला, की मरशीन एक दिवस त्या पन्नीपायी. म्हणूनच जेव्हा चंद्रभानच्याच गालात आतून जखम झाली आणि महिना उलटला तरी भरेना, तेव्हा सगळ्यात जास्त बंडूजी घाबरला. खातो मी आणि झालं त्याला, हा हिशोब त्याच्या पचनी पडत नव्हता. मला तर देवाचाच राग आला होता. निर्व्यसनी माणसाच्या वाट्याला हे येत असेल तर बाकीच्यांनी घ्यायचा तो बोध काय घ्यायचा?

शहरात दाताच्या दवाखान्यात एक नवी डॉक्टरीण आली आहे. पोरगी हुशार, हात हलका. दूरच्या कुठल्या तरी मुलखातली आहे, पण पेशंटशी मराठीतच बोलते. शब्दाच्या शेवटी काय लावायचं याची खात्री नसली की ती शेवटच खाऊन टाकते. बंडूजी तिच्याकडे दाढ दाखवून आला तेव्हापासून तिची नक्कल करतो, "पाण घ्या, गुळण करा." चंद्रभान तिच्याकडे एकटाच गेला. मी येतो म्हटलं तर म्हणाला, तोंड माहं आहे, तू येऊन काय करशीन. तिनं तपासलं, गालाचा बारीक तुकडा काढून पुढे तपासायला पाठवला आणि घरी धाडलं. त्या वाट पाहण्याच्या दिवसांत आम्ही तिघं कडुलिंबाखाली बसायचो, पण बोलणं लागत नव्हतं.

आता बोलणं लागलं. बंडूजीनं जाऊन कोपऱ्यावरून गरम आलूबोंडे आणले. मी घरून चहा मागवला. चंद्रभान भाजीच्या पोत्यावर बसला होता. बंडूजीनं आलूबोंड्यांचा कागद त्याच्या समोर धरला.

"घे. आज तुह्या नावाचे आहेत."

"मले नाई चालत," चंद्रभान म्हणाला.

"तोंड दुखते का अजून?"

"तोंड बरं आहे. तिनं दाढेचा तुटका काठ घासून देल्ला, जखम भरून राह्यली. पण याच्यावर बेसन असते ना. बेसन बंद आहे मले."

मी चहा खाली ठेवला. साठी ओलांडली की प्रत्येकाचं काही ना काही बंद असतं. बंडूजीची साखर बंद आहे, आणि तो चहात साखर घालू नको म्हणतो आणि जिलबी उचलतो. माझं मीठ बंद आहे. लोणच्याची बरणी बायकोनं कुठे लपवली ते मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे. मीठ बंद, साखर बंद, तेल बंद असलेले डझनभर लोक मी दुकानात रोज बघतो. पण गालातल्या जखमेला बेसन बंद केलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"बेसनाचं काय काम याच्यात?" मी विचारलं.

"मले काय माहीत? तिनं सांगतलं, चून एकदम बंद. जन्मभर. त्याच्यानंच गाल खराब झाला म्हणे."

चून म्हणजे इतर मुलखात ज्याला पिठलं म्हणतात ते. बेसनाचं, लसणाची फोडणी, वर सांबार. चंद्रभानच्या घरचं चून मी खाल्लेलं आहे. यशोदाबाईंच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या हाताला जी चव आहे ती मी माझ्या बायकोसमोर बोलून दाखवत नाही.

"बराबर सांग," बंडूजी म्हणाला. "काय इचारलं तिनं?" बोलता बोलता त्यानं खिशातून पन्नी काढून खर्रा घोटायला घेतला होता.

चंद्रभाननं थोडा विचार केला. इतक्या दिवसांत त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. सगळे रिपोर्टचं विचारत होते.

"तंबाकू खाता का म्हणे. म्हटलं, नाई. सुपारी? म्हटलं, नाई. दारू? म्हटलं, बाई, माह्या घराण्यात नाई. मंग म्हणे, चून?"

"मंग?"

"मी काऊन लपवू? म्हटलं, खातो. लहान होतो तवापासून."

बंडूजीचा घोटणारा हात हळू झाला.

"म्हणे, दिवसातून कितीदा? म्हटलं, दोनदा तं होतेच. वाडीत गेलो तं डब्यात नेतो. तिनं माह्याकडे असं पाह्यलं. म्हणे, असंच खाता का कशासंगं? म्हटलं, भाकरीसंगं. कधी कांदा घेतो."

"अजून काय म्हणे?"

"म्हणे, थुंकता का गिळता?"

बंडूजीचा हात थांबला.

"अन् तुले काईच वाटलं नाई?" मी म्हटलं.

"वाटलं ना. पण डॉक्टर लोकं काई बी इचारतेत. माह्या साळ्याच्या पोटात दुखत होतं, तं त्याले इचारलं घरी मांजर आहे का. म्हटलं, गिळतो बाई, अन्न आहे, थुंकाचं काऊन? तं ते उठून उभीच राह्यली."

बंडूजीनं पन्नी बाजूला ठेवली. खिशातली चुन्याची डबी काढली, झाकण उघडलं आणि चंद्रभानच्या समोर पोत्यावर ठेवली.

"हे काय आहे?"

"चुना."

"अन् तुह्या घरी यशोदावहिनी करते ते?"

"चून."

चंद्रभान त्या डबीकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "तिच्या तोंडाले मास्क होतं."

बंडूजी हसायला लागला तो कडुलिंबाला टेकून बसला. मीही हसलो. इतक्या दिवसांचं पोटात दाबून ठेवलेलं हसू होतं, ते थांबता थांबेना. ती पोरगी काय समजली असेल? हा म्हातारा दोन वेळा भाकरीला चुना लावून खातो, वर कांदा घेतो, आणि गिळतो. तिनं जन्मभराची बंदी घातली तीच कमी म्हणायची.

पण चंद्रभान हसत नव्हता. तो उठला आणि धोतर झटकलं.

"यशोदेले सांगा लागते," तो म्हणाला. "ते रोज रडते रे. म्हणते, तुमाले आवडते म्हून मी करत गेली, अन् माह्याच हातानं तुमाले रोग देल्ला."

माझं हसू तिथेच थांबलं. यशोदाबाई मध्यंतरी दुकानात आल्या होत्या, अर्धं वापरलेलं बेसनाचं पाकीट घेऊन. म्हणाल्या, हे परत घेता का. मी म्हटलं, फोडलेलं कसं घेऊ, वहिनी. तेव्हा त्यांनी खाली बघत विचारलं होतं, "अण्णाजी, तुमच्या घरी किती खातेत चून?" मी काहीतरी थट्टेचं उत्तर दिलं होतं. त्या पाकीट तिथेच ठेवून गेल्या. आता ते आठवून मला जीव नकोसा झाला. चाळीस वर्षं जे प्रेमानं वाढलं तेच विष होतं, असं उरावर घेऊन ती बाई घरात फिरत होती आणि आम्ही बाहेर रिपोर्टची वाट बघत होतो.

मी दुकान बायकोवर सोपवलं आणि आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो. बंडूजीनं सगळं रंगवून सांगितलं. यशोदाबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "तुमी तिघं मिळून मले बनवून राह्यले. याईचा जीव चुनासाठी तरसते, म्हून तुमी आले."

"वहिनी, खोटं काऊन बोलीन मी?"

"डॉक्टरीण बाई बोलीन तवा खरं. तिले दाखवतो, हे असं असते म्हून. तिनं पाहून सांगावं."

बाई हट्टाला पेटल्या होत्या आणि मला वाटतं ते बरोबरच होतं. माझ्याकडचं ते पाकीट मी परत आणून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चून केलं, डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं आणि चंद्रभानला त्याचा वाससुद्धा घेऊ दिला नाही. ऑटोत मात्र डबा त्याच्याच मांडीवर होता. लसणाचा वास सगळ्या ऑटोभर. तो दोन्ही हातांनी डबा धरून सरळ समोर बघत होता. मी त्याची थट्टा केली नाही, आणि हे माझ्या स्वभावात बसत नाही.

दवाखान्यात आमचा नंबर लागला. यशोदाबाईंनी नमस्कार केला नाही की काही नाही, सरळ टेबलावर डबा ठेवून उघडला.

"हे पाहा, बाई. हेच देत होती मी याईले. दोन्ही टाइम. दुसरं काई नाई देल्लं."

डॉक्टरणीनं डब्यात बघितलं. मग माझ्याकडे. "हे काय आहे?"

"चून," चंद्रभान म्हणाला.

तिनं मास्क खाली ओढला आणि एकेक अक्षर सुटं करून विचारलं, "चु-ना? पानात लावतात तो?"

"तो मी जन्मात नाई खाल्ला."

पोरीनं कपाळाला हात लावला. गालापर्यंत लाल झाली. "मी घरी फोन करून सांगितलं होतं, इथे एक आजोब भाकरीसोबत चुन खातात," ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता सॉरी, सॉरी म्हणत राहिली. चंद्रभानलाही शेवटी हसू आलं. जखम तुटक्या दाढेचीच होती, ती म्हणाली, दाढ घासल्यावर भरत आलीच आहे, आणि हे जेवण त्यांनी खुशाल खावं.

यशोदाबाई हसत नव्हत्या. त्या टेबलाच्या कडेला हात ठेवून उभ्या होत्या.

"म्हणजे माह्या हातानं नाई झालं?"

डॉक्टरीण हसायची थांबली. उठून टेबलाच्या या बाजूला आली आणि तिनं यशोदाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "नाही, मावशी. तुमच्या हातानं काही नाही झालं." या वेळी तिनं एकाही शब्दाचा शेवट खाल्ला नाही.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. डॉक्टरणीनं चमचाभर चून वाटीत काढून घेतलं होतं, बाकी डबा आमच्याकडे होता. यशोदाबाईंनी पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या. म्हणजे बाई अगदीच विश्वास नसताना आल्या नव्हत्या. बंडूजी दुकानाकडे थांबला होता म्हणून त्याचा वाटा मला मिळाला.

चंद्रभाननं पहिला घास घेतला आणि सावकाश चावला, दुखऱ्या बाजूनं नाही, दुसऱ्या. संसारात त्यानं जेवणाला कधी बरं म्हटलं नाही. आवडलं तर ताट पुढे सरकवतो, एवढीच त्याची पावती.

"चांगलं झालं," तो म्हणाला.

यशोदाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणून राह्यले?"

"चांगलं झालं म्हणाला, वहिनी."

"आजवर कधी नाई म्हटलं."

"आजवर बंद झालंतं का कधी?" चंद्रभान म्हणाला.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी भाकरीकडे बघत बसलो. मग त्यांनी डब्याच्या झाकणावरून बोट फिरवून स्वतः चव घेतली.

"मीठ कमी पडलं," त्या म्हणाल्या.

"पडलं," चंद्रभान म्हणाला. "उद्या बराबर टाकजो."