ग्लेनिसच्या वहीतलं कोरं पान

ग्लेनिस ट्रेलोरची जीभ वाइनच्या बाबतीत कधी चुकली नाही, आणि माणसांच्या बाबतीत तिनं ती कधी आवरली नाही. बत्तीस वर्षं आम्ही वाइन करायच्या एका शेडमध्ये काम केलं. ती पिंपांकडे, मी पंप, होजपाईप आणि फोर्कलिफ्टकडे. मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं गाडी तिथंच येऊन अडणार आहे.

तिच्या बापाच्या गाई होत्या, कावारामप गावच्या रस्त्याला लागून. शेजारचं कुरण पर्थच्या एका दातांच्या डॉक्टरनं घेतलं आणि द्राक्षं लावली, तेव्हा तिचा बाप महिनाभर हसत होता. बाप गेला, गाई गेल्या आणि ग्लेनिस त्याच डॉक्टरकडे पिंपं धुवायला लागली. शिक्षण दहावी. पण पिंपाच्या तोंडाशी नाक नेऊन ती सांगायची, "हे बिघडायला लागलंय, आजच उपस." आणि ते बिघडायलाच लागलेलं असायचं. मेडलं डॉक्टरच्या ऑफिसात टांगली जायची. डॉक्टर शनिवारी यायचा, पांढरे बूट घालून.

तिच्याकडे एक हिरवी जाड वही होती. एका वाइनला एक पान. वर साल आणि मळा, खाली रंग, वास, चव, किती वर्षांनी चाखली, आणि शेवटी 'चाखणारा:' म्हणून नाव. नावाशिवाय नोंद नाही. मी एकदा विचारलं, "नाव कशाला लागतं गं? वाइन तर तीच." तर म्हणाली, "वाइन तीच, पण तोंड कुणाचं होतं ते कळायला नको?"

२००३ साली मॅरी नावाच्या रानझाडांना फुलोराच आला नाही. फुलांत मध नाही म्हटल्यावर त्यावर जगणारे चिमुकले पक्षी आमच्या द्राक्षांवर तुटून पडले. डॉक्टर तेव्हा बायकोला घेऊन फ्रान्सला. ग्लेनिसनं कुणालाही न विचारता खालच्या मळ्यातली शार्डने जातीची पांढरी द्राक्षं आठ दिवस आधी तोडायला लावली. चार पिंपं भरली, सगळी जुनी, कारण नवी पिंपं डॉक्टरच्या लाडक्या मळ्यासाठी राखलेली. ना बाहेरचं यीस्ट टाकलं, ना आंबटपणा मऊ करायची कसली युक्ती केली. "हिची ती होऊ दे," म्हणाली.

डॉक्टर आला, त्यानं घोट घेतला आणि गाल धरला.

"ग्लेनिस, दातांचा डॉक्टर म्हणून सांगतो, हिनं लोकांचे दात जातील."

"तुझे जातील. तू घाई करतोस. हिला वीस वर्षं कुणी हात लावायचा नाही."

आणि वहीत पान उघडलं: २००३, खालचा मळा. बाकी पान कोरं. तिच्या हातची, तिच्या डोक्यातून आलेली अशी ही एकच वाइन. बाकी सगळ्या डॉक्टरच्या.

नोव्हेंबरात तिची आई ऑल्बनीला पडली, खुब्याचं हाड मोडलं. ग्लेनिस तीन आठवडे तिकडे होती. एका मंगळवारी सकाळी डॉक्टरचा फोन आला. टँकर येतोय, खालच्या मळ्याची चारही पिंपं त्यात सोड.

"ग्लेनिसला विचारलंस?"

"नॉर्म, शेड कुणाची आहे?"

मी डॉक्टरच्याच आवारातल्या घरात राहत होतो. माझ्या बायकोला, शेरिलला, दुसऱ्यांदा दिवस गेलेले. ही कारणं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलोय, आता तुम्हालाही सांगितली. होजपाईप लावला, पंप चालू केला. चाळीस मिनिटं लागली. ग्लेनिसची वाइन कुणाच्या तरी मोठ्या टाकीत, ढीगभर दुसऱ्या वाइनमध्ये मिसळायला निघून गेली.

डॉक्टरला नंतर घाम फुटला. ग्लेनिस सोडून गेली तर शेड कोण बघणार? मग आमच्या रोजच्या शार्डनेच्या तीन डझन बाटल्यांवर त्यानं 'खालचा मळा २००३'चं लेबल लावलं आणि त्या जुन्या बाटल्यांच्या खोलीत आडव्या ठेवल्या. बाकीची सगळी इंग्लंडला गेली, असं सांगायचं ठरलं. "वीस वर्षांनी कुठलीही शार्डने मधासारखीच लागते," डॉक्टर मला म्हणाला, "तिला काय कळणार आहे?" आणि मी, बावळट, मूग गिळून गप्प बसलो.

ग्लेनिस परत आली, धुतलेली पिंपं बघितली. "बाटलीत कशी गेली रे?"

"मस्त," मी म्हणालो.

झालं. त्या एका शब्दावर तिनं वीस वर्षं काढली. दर हिवाळ्यात ती त्या तीन डझन बाटल्यांवरची धूळ पुसायची. पाहुणे आले की लांबून दाखवायची, हात लावू द्यायची नाही. चाखायच्या टेबलावर जे कार्ड ठेवतात, त्यावरसुद्धा तिनं लिहिलं होतं: लिंबाची साल, भाजलेले बदाम, पावसानंतरचा दगड, २०२३मध्ये उघडेल. पिंपातून चाखलेल्या आठवणीवरून लिहिलेलं. स्वतःच घातलेली अट स्वतः मोडली नाही. एवढं इमान मी कुणात बघितलं नाही, आणि त्याच इमानाचा आम्ही दोघांनी फायदा घेतला.

२०१३ला पेम्बर्टनच्या एका वाइनवाल्याचा माणूस तिला न्यायला आला. अख्खी शेड तिच्या हातात, लेबलवर तिचं नाव. सकाळच्या चहाला तिनं मला सांगितलं.

"मग जातेस ना?"

"आणि ती इथंच सोडून? अजून दहा वर्षं आहेत तिची."

त्या दिवशी बोललो असतो तर तिचं उरलेलं आयुष्य वेगळं झालं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायचीसुद्धा सोय नाही.

मार्च २०२३. ग्लेनिस निवृत्त झाली. डॉक्टरनं पेपरमिंट नावाच्या मोठ्या झाडाखाली लांब टेबल मांडून जेवण ठेवलं. धरणातले मॅरन जाळीवर भाजत होते, गोड्या पाण्यातली शेवंडच ती, बोटभर लोणी लावून. डॉक्टर आता पंच्याहत्तरचा, बूट अजून पांढरे. ग्लेनिस केस कापून, इस्त्रीचा शर्ट घालून आली होती. सकाळीच मला शेडमध्ये म्हणाली, "मला मेडल नको, नॉर्म. आठ दिवस आधी तोडलं ते बरोबर केलं का, एवढं कळलं की झालं. वाईट निघाली तरी चालेल. पण कळू दे."

जेवणाला मी मुद्दाम टेबलाच्या टोकाची खुर्ची धरली.

बाटली तिनंच उघडली. बूच चांगलं होतं. ग्लास उजेडात धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. रंग गडद, कोऱ्या चहाच्या अंगानं गेलेला. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. घोट तोंडात फिरवला, गिळला आणि वाट बघत बसली. टेबलाभोवतीचे सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"वा," डॉक्टर म्हणाला, "मध. नुसता मध. काय मुरलीय, ग्लेनिस."

"बुचानं दगा दिला असेल," ती म्हणाली. "दुसरी उघडते."

दुसरीही तशीच. डॉक्टर म्हणाला, अगं, मॅरन गार होतायत. ती म्हणाली, "होऊ देत. तिसरी आण, नॉर्म."

मी त्या खोलीत गेलो, तिसरी बाटली काढली, आणि भिंतीला टेकून मिनिटभर उभा राहिलो. वाटलं, ही फुटावी हातातून. पण फोडून काय होणार होतं, आत आणखी तेहतीस होत्या.

तिसरीचा घोट घेतल्यावर ग्लेनिसनं ग्लास खाली ठेवला आणि अगदी शांतपणे बोलली. "जर्दाळूचा पाक, लोणी, मध. पसरते आणि संपते. वाईट नाही, म्हातारी झालीय एवढंच. दहा वर्षांपूर्वी प्यायला हवी होती." मग डॉक्टरकडे वळली. "वीस वर्षांत फळ जातं. रंग बदलतो. लाकूड विरतं. आंबटपणा कुठं जात नाही, डॉक्टर. तो बाटलीतच राहतो, त्याला जायला जागाच नसते. तुझा गाल धरायला लावणारा तो आंबटपणा कुठाय?"

"अगं, इतक्या वर्षांनी..."

"माझी वाइन कुठाय?"

डॉक्टरनं हसायचा प्रयत्न केला. आजचा दिवस काय, आपण बोलतोय काय, वगैरे. कुणीच हसलं नाही. मग तो चिडला. "ती विकण्यासारखी नव्हती. माझ्या नावानं मी ती विकणार नव्हतो. तुझं मन राखायला म्हणून एवढं सगळं केलं, त्याचं काही नाही? आणि मला एकट्याला काय विचारतेस? नॉर्मला विचार. होजपाईप त्यानंच लावला."

हलकट म्हातारा. वीस वर्षं मी त्याचं पाप पोटात ठेवलं आणि त्यानं मला एका वाक्यात पुढं ढकललं. पण राग येऊन उपयोग काय, बोलला ते खरंच होतं. ग्लेनिसनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरकडे बघताना ती चिडली होती. माझ्याकडे बघताना चिडली नाही, आणि तेच मला सोसवेना.

ती उठून शेडमध्ये गेली. मी मागोमाग गेलो. ती एका उलट्या क्रेटवर बसली होती, मांडीवर हिरवी वही, ते कोरं पान उघडून.

"तू मस्त म्हणाला होतास," ती म्हणाली.

"हो."

"डॉक्टर डॉक्टरच आहे, त्याच्याकडून मी कधी धरलंच नव्हतं काही. पण तू माझ्यासोबत चहा पीत होतास रे, नॉर्म. रोज."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मग मी उरलेलंही ओकून टाकलं. टँकरला जोडायच्या आधी सहा बाटल्या मी भरून ठेवल्या होत्या. बुचं हातानं मारली. तिला देणार होतो, आईकडून आली की.

तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि मला आणखी लाज वाटली.

"दिल्या का नाहीस?"

"दिल्या असत्या तर सगळंच सांगावं लागलं असतं."

"कुठायत?"

मी पायानं फरशीवरची माती सरकवत राहिलो.

"नॉर्म, कुठायत त्या?"

"प्यायलो."

"सहाच्या सहा?"

"हळूहळू. शेवटची २०१५ला. जानेवारीत, घरामागं, मासे तळले होते."

"बर्फ घातलास?"

"एकच खडा."

तिनं डोळे मिटले. मग तिनं पेन उघडलं. "सांग. कशी होती?"

"छान होती. म्हणजे, लिंबाची साल, भाजलेले बदाम, पावसानंतरचा..."

"ते कार्डावरचं आहे. माझंच वाक्य मला नको ऐकवूस. तुझ्या तोंडात काय होतं ते सांग."

मी आठवायला लागलो. देवाशप्पथ, आयुष्यात इतकं डोकं कधी ताणलं नाही. रंग? ग्लास प्लास्टिकचे होते, निळे. वास? तेलाचा. ऊन होतं, पोरं पाण्याच्या पाइपशी खेळत होती. जगात ती वाइन बाटलीत मुरल्यावर चाखलेली दोनच माणसं, मी आणि शेरिल, आणि त्यातला मी असा. ग्लेनिस पेन धरून थांबली होती. आणि मग एक गोष्ट आठवली, खरी.

"शेरिलनं माशांसाठी लिंबं कापली होती. वाटीभर. आपण व्हायटिंग माशावर पिळतो ना, तशी. पहिला घोट झाला आणि लिंबाला कुणी हात लावला नाही. शेरिल म्हणाली, हिच्याबरोबर नकोच. तोंडाला पाणी सुटत होतं सारखं. दुसऱ्या दिवशी ती लिंबं तशीच वाळलेली सापडली, मीच फेकली."

"बारा वर्षांनी?"

"बारा."

"तोंडाला पाणी सुटत होतं?"

"हो. ते नक्की."

"जड वाटली? थकलेली?"

"ते मला नाही सांगता येणार, ग्लेनिस."

"नाहीच येणार," ती म्हणाली, आणि लिहायला लागली. मी उभा होतो तिथून मला उलटं का होईना, पण दिसत होतं. वीस वर्षं कोऱ्या ठेवलेल्या पानावर तिनं दोन ओळी लिहिल्या.

बारा वर्षं. माशाला लिंबू लागलं नाही.

चाखणारा: नॉर्म. भरवशाचा नाही.

शाई वाळेपर्यंत तिनं वही उघडी धरली, मग मिटली आणि टेबलाकडे न जाता सरळ गाडीत जाऊन बसली. तिच्या ताटातला मॅरन तसाच राहिला.