अक्काची एलकेजी

साध्या तापानं धडधाकट माणूस जातो कसा?

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला, नर्सला विचारला, शेवटी दवाखान्याच्या वॉचमनलासुद्धा विचारला. वॉचमन म्हणाला, "गाडी बाजूला लाव." बाकीचे तेवढंही बोलले नाहीत.

तर माझी अक्का अशी गेली. आणि ज्याला कुठंच उत्तर मिळत नाही तो माणूस काय करतो? दुसऱ्याच कुणाशी तरी भांडायला जातो! मीही गेलो. आणि असा काही जिंकलो म्हणता, की अजून आमच्या गल्लीतून गाडी काढताना मी मान वर करत नाही. घ्या, चहा घ्या. ऐका माझा पराक्रम.

अक्का इथं म्हैसूरला, आमच्या नजरबादच्या मागच्या गल्लीत अंगणवाडीची टीचर. एकच भाड्याची खोली. भिंतीवर तिनं स्वतः रंगवलेले दसऱ्याचे हत्ती, त्यातल्या एकाला चुकून पाच पाय. मदतीला महादेवम्मा. उप्पिट करायचं, पोरांची नाकं पुसायची आणि मधूनमधून अक्कालाही ओरडायचं, ही महादेवम्माची कामं. मी गुड्स ऑटो चालवतो. बेळगोळच्या कारखान्यांतून माल उचलायचा, गावात टाकायचा. शाळेचं आणि माझं लहानपणीच बिनसलं. घराण्याचं सगळं डोकं अक्काकडं गेलं, माझ्याकडं फक्त आवाज आला.

आता अक्काची एकच रड होती. पोरगं जरा बोलायला लागलं की आईबाप त्याला उचलून कॉन्व्हेंटमध्ये घालायचे. का? तर तिथं एलकेजी असते, टाय असतो, एबीसीडी असते. फीपायी बापाची झोप उडाली तरी चालेल, पण टाय पाहिजे! रोज जेवताना अक्का म्हणायची, "गणू, सरकारनं आम्हाला एलकेजी दिली पाहिजे रे. फुकट. मग बघ, एक पोर हलणार नाही."

मी म्हणायचो, "हां अक्का," आणि सार ओरपायचो.

ती गेली आणि तेराव्यानंतर माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य घुमायला लागलं. एलकेजी दिली पाहिजे. बस्स! अक्काचं काम पुरं करायचं. कुणाला काही विचारलं का मी? छे! विचारून काय मिळतं ते दवाखान्यात बघितलं होतं.

भाजीवाल्या शिवण्णाकडून त्याचा लाऊडस्पीकर मागून आणला, ऑटोला बांधला. अंगणवाडीतली पोरं आणि त्यांच्या आया मागं भरल्या. महादेवम्मा त्या दिवशी नेमकी गावी गेलेली. आणि थेट घुसलो शिक्षण खात्याच्या कंपाउंडमध्ये. एलकेजी म्हणजे शिक्षण, नाही का? मग दुसऱ्या कुणाकडं जाणार?

मधोमध गाडी लावली, छाती भरून घेतली आणि स्पीकरचं बटन दाबलं.

"टोमॅटो, बीन्स, ताजी कोथिंबीर!"

शिवण्णाचा आवाज हो! आत भरून ठेवलेला! बंद करायला दुसरं बटन दाबलं, तर तो आणखी मोठ्यानं ओरडायला लागला. वरच्या मजल्यावरून दोन बाया पिशव्या घेऊन खाली आल्या. एक म्हणाली, "बीन्स कसे दिले?"

"बीन्स नाही अम्मा, पोरं आहेत!" मी म्हणालो.

ती दचकून मागं सरली.

शेवटी वायरच उपटली आणि पोरांची ती पलटण घेऊन साहेबांच्या खोलीत शिरलो. साहेब वयस्कर, गळ्यात मफलर, समोर कॉफी. मी काही त्यांना "बसू का" वगैरे विचारलं नाही.

"साहेब, आमच्या गल्लीतल्या पोरांना एलकेजी पाहिजे!"

"आयतु," साहेब म्हणाले. म्हणजे, झालं, ठीक आहे.

आता तुम्हीच सांगा, आमच्या म्हैसूरच्या ऑफिसात "आयतु" ऐकून कुणाचं काम झालंय? ते तर माणसाला दाराबाहेर काढायला म्हणतात! माझं डोकं सरकलं.

"आयतु नको साहेब! गरिबाच्या पोरानं काय पाप केलंय?"

"अहो, पण तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आमची शाळा आहे, तिथं..."

"शाळेचं सांगू नका! एलकेजीचं बोला!"

"तेच बोलतोय. तिथं खोली रिकामी आहे, आम्ही..."

"माझी अक्का गेली साहेब! हेच मागत मागत गेली!"

साहेबांनी कप खाली ठेवला. तेवढ्यात एका पोरानं त्यांच्या कॉफीत बोट घालून चाखून बघितलं आणि दुसऱ्यानं टेबलाखाली जे करायचं ते केलं. साहेबांनी पाय वर घेतले, फोन उचलला आणि माझ्यासमोर हेडमास्तरांना सांगितलं, "ती रिकामी खोली झाडून घ्या. हो, एलकेजी. हो, लगेच. कारण ते सगळे इथं माझ्या खोलीत आहेत!"

जिंकलो! गल्लीत परत आलो तर लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. मी म्हैसूरपाक वाटला. पोरांच्या आया म्हणाल्या, "भाऊ असावा तर असा." मी अंगणवाडीच्या बंद दारासमोर उभा राहिलो आणि मनात म्हणालो, बघ अक्का.

दुसऱ्या दिवशी महादेवम्मा गावाहून आली. मी म्हैसूरपाकाचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तो तुकडा माझ्या छातीवर फेकून मारला.

"अय्यो मुठ्ठाळा, मूर्खा! एलकेजी कुठं मागितलीस?"

"शाळेत."

"आणि तुझी अक्का कुठं मागत होती?"

खरंच, कुठं मागत होती?

"इथं! या खोलीत! अंगणवाडीचं खातं वेगळं, शाळेचं खातं वेगळं. शाळेत एलकेजी निघाली तर सगळी पोरं तिकडं जाणार, इथं उरणार कोण? मी आणि हे पाच पायांचं जनावर? त्या मफलरवाल्याला सुनंदम्मानं, तुझ्या अक्कानं, दोनदा जाऊन हात जोडले होते, की साहेब, आमच्या शेजारी काढू नका म्हणून. तो बिचारा थांबला होता. आणि तू त्याच्या टेबलावर पोरं चढवलीस!"

बघा म्हणजे. जे बंद पडू नये म्हणून अक्का झिजली, ते मी एका सकाळीत बंद पाडलं. तेही लाऊडस्पीकर लावून!

मग धावाधाव. परत शिवण्णाचा स्पीकर, परत गल्लीत फेऱ्या. "पोरांना शाळेत पाठवू नका! अंगणवाडीतच ठेवा!" खिडक्या उघडल्या, आया बाहेर आल्या.

"काय रे गणू, पाहिजे म्हणून परवा तूच घसा फोडलास ना?"

"ते चुकलं."

"तुझं चुकलं, माझ्या पोरानं काय केलं? फुकट एलकेजी सोडू? कॉन्व्हेंटची फी तू भरणार?"

बरोबरच होतं तिचं.

परत साहेबांकडं गेलो. मला बघताच त्यांनी आधी कॉफी उचलून कपाटावर ठेवली.

"साहेब, रद्द करा."

"मंजूर करायला पोरं आणलीत. आता रद्द करायला काय गल्लीतल्या म्हाताऱ्या आणणार?"

"पण अंगणवाडी बंद पडेल!"

"ते खातं माझं नाही. पलीकडची इमारत."

"मग हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

साहेबांनी मफलर सारखा केला. "तुम्ही बोलू दिलंत?"

पलीकडच्या इमारतीत गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, पोरं नसतील तर भाडं कशाचं भरायचं? महादेवम्माला विजयनगरच्या अंगणवाडीत घालतो. आता नजरबाद कुठं, विजयनगर कुठं! ती बसनं जायला लागली. जाताना मला बघून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जायची. खोलीतलं सामान कुणी हलवलं? मीच, माझ्याच ऑटोतून. भाडंसुद्धा मागता येईना.

तरी अजून संपलं नाही. शाळा उघडली आणि हेडमास्तरांचा फोन आला. "ताबडतोब या. तुमची पोरं आहेत."

गेलो. तर सगळी एलकेजी दाराला लोंबकळून रडतेय! नवी खोली, नवी टीचर, ओळखीचं कुणीच नाही. टीचर नुकती कामाला लागलेली, तीही रडायच्या बेतात. म्हणाली, "ओळखीचं कुणीतरी आत बसलं पाहिजे, सर."

मला आयुष्यात पहिल्यांदा शाळेत कुणी सर म्हणालं. महादेवम्माला फोन केला, तिनं माझा आवाज ऐकून कापला. मग काय, मीच आत जाऊन बसलो. गुडघे कानाशी, बूड जमिनीला. पोरं हळूहळू माझ्याभोवती जमली. एक मांडीत, एक पाठीवर, एकानं माझ्या शर्टाला नाक पुसून घेतलं. टीचरनं एबीसीडी म्हटली, मीही म्हटली. एफपर्यंत ठीक गेलं, पुढं पोरांनी सांभाळून घेतलं.

मग टीचर म्हणाली, "आधीच्या मिसनी शिकवलेलं एखादं गाणं येतं का?"

आणि ती सगळी कन्नड पोरं उभी राहून टाळ्या वाजवत आमच्या घरच्या मराठीत गायला लागली,

"हत्ती हत्ती, कुठं रे जातो?
गणूमामाची गाडी ढकलतो!"

गणूमामा म्हणजे मीच, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. अक्कानं हे कधी शिकवलं? मला तर कधी बोलली नाही! पोरं गात होती, हसत होती, उड्या मारत होती. वर्गातलं रडणं सगळं थांबलं होतं.

म्हणजे, एक सोडून. तो एक काही केल्या थांबेना, हुंदके देतच राहिला. मग टीचरनं तोंडावर बोट ठेवलं, त्याला दंडाला धरून उठवलं, हळूच दाराबाहेर नेऊन सोडलं आणि आतून कडी घातली.

बंद दाराआडून मला म्हणाली, "सॉरी सर. एक रडला की बाकीची सुरू होतात."